लाल पेशी, पिशवीतलं रक्त आणि सिकल: प्रोजेक्टच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

एथिक्स कमिटीचं पत्र एकदाचं आलं. आता नोंदी वहीत आणि इथे दोन्हीकडे टाकत जाईन, कारण वही लॅबमधून बाहेर नेता येत नाही आणि रात्री घरी बसून विचार करायला काहीतरी समोर लागतं.

प्रश्न ऐकायला साधा आहे. पिशवीत ठेवलेली लाल पेशी बिघडते, आजारी माणसाच्या अंगातली लाल पेशीही बिघडते, तर हे दोन बिघाड एकाच जातीचे आहेत का? पुस्तकात ही प्रकरणं लांब लांब, एक रक्तपेढीच्या भागात आणि एक हिमॅटॉलॉजीच्या, आणि आपण परीक्षेला दोन्ही वेगवेगळी पाठ करतो. नागपुरात मात्र ती एकाच बेडवर भेटतात. सिकल हा लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, आणि त्याचा पेशंट म्हणजे वर्षातून कितीदा तरी रक्त चढणारच, आणि ते रक्त फ्रीजमधून निघालेलं असणार.

दुसरं कारण काउंटरवरचं. ड्युटीवर असताना नातेवाईक हमखास विचारतात, ताजं आहे ना हो रक्त? पिशवीवरची तारीख वाचून परत करणारेही आहेत. त्यांना उत्तर द्यायला आपल्याकडे "चालतं हो, काही होत नाही" याच्या पलीकडे काहीतरी असावं असं वाटायचं.

मशीनचं म्हणाल तर लाल पेशी किती लवचिक आहे हे मोजायचं खरं यंत्र एक्टासायटोमीटर, त्यात दोन सिलिंडरच्या मधल्या फटीत पेशी घुसळून ताणतात आणि लेझरच्या नक्षीवरून किती लांबल्या ते कळतं. आमच्याकडे ते नाही, येणारही नाही. आमच्याकडे मायक्रोस्कोप, कलरीमीटर, सेंट्रिफ्यूज, मिठाचं पाणी आणि एक लेझर पॉइंटर. गाईड मॅडम म्हणाल्या, पुरे आहे.

८ जानेवारी

क्वालिटी कंट्रोलसाठी बाजूला ठेवायच्या पिशव्यांपैकी एक आम्हाला मिळाली. ४५० मिलीचं कलेक्शन, प्लाझ्मा काढून घेतल्यावर लाल पेशींमध्ये १०० मिली सॅगएम. सॅगएम म्हणजे सलाइन, अॅडेनिन, ग्लुकोज, मॅनिटॉल. याच्यात पॅक्ड सेल ४२ दिवस चालतात, नुसत्या सीपीडीए-१ या साठवणीच्या द्रावणात ३५ दिवस. तापमान २ ते ६ डिग्री.

रोज पिशवी उघडायची नसते, म्हणून नळीचे सीलबंद तुकडे वापरायचे, सेगमेंट. प्रत्येकावर तोच नंबर छापलेला असतो. आठवड्याला एक सेगमेंट कापायचा. एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवते: सेगमेंटमधलं रक्त आणि पिशवीतलं रक्त तंतोतंत एक नसतं, बारीक नळीत हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं, जास्त दिसतं. म्हणून आठवड्यांची आपसात तुलना सेगमेंटवर करायची, पण "ही पिशवी पास का नापास" हे सेगमेंटवरून ठरवायचं नाही.

आज पहिल्या दिवसाची पेशी पाहिली. आपण सगळे बायकॉनकेव्ह डिस्क, बायकॉनकेव्ह डिस्क म्हणत मोठे झालो पण त्या आकाराचा हिशोब कधी मांडला नव्हता. आकारमान साधारण ९० फेम्टोलिटर, पृष्ठभाग साधारण १४० चौरस मायक्रॉन. आता एवढंच आकारमान गोल चेंडूत भरलं तर पृष्ठभाग लागतो ९७ च्या आसपास, मी दोनदा गणित केलं. म्हणजे पेशीकडे गरजेपेक्षा चाळीसेक टक्के जास्तीचं मेम्ब्रेन, म्हणजे बाहेरचं पातळ आवरण, आहे, ढिला अभ्रा घातलेल्या उशीसारखं, आणि त्या ढिलेपणावरच सगळं चालतं. साडेसात मायक्रॉनची पेशी तीन-चार मायक्रॉनच्या केशवाहिनीतून जाते, आणि प्लीहेतल्या फटी तर मायक्रॉनभराच्याच, तिथूनही पिळून निघते. हे १२० दिवस. अभ्रा घट्ट झाला की त्या फटीत अडकली, संपलं.

यापुढे जे काही मोजायचंय ते या ढिलेपणाभोवतीच.

१५ जानेवारी

आज लेझरचा दिवस. लाल पॉइंटर, ६५० नॅनोमीटर, स्टँडला घट्ट बांधलेला, पुढे पातळ स्मिअरची, म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेली, स्लाइड, एक मीटरवर भिंतीला पांढरा कागद. दिवे बंद केले आणि कागदावर गोल कडी उमटली, मधे झगझगीत ठिपका, मग काळं वलय, मग पुन्हा फिकट लाल. हजारो पेशी मिळून एकच नक्षी काढतात कारण सगळ्या जवळपास एकाच मापाच्या असतात. पहिल्या काळ्या वलयाचा कोन १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले पेशीचा व्यास, या सूत्राने साडेसात मायक्रॉनच्या पेशीला एक मीटरवर वलयाचा व्यास २१ सेंटिमीटर यायला हवा. पट्टी लावली, तेवढाच. टेक्निशियन दादा बघायला आले होते, म्हणाले, "हे त सेल काउंटर मशीनपेक्षा भारी होऊन राहिलं."

पेशी लहान झाली तर वलय मोठं होतं, उलटं गणित आहे. सहा मायक्रॉनला जवळपास २७ सेंटिमीटर. आणि पेशी वेगवेगळ्या मापाच्या नि वेड्यावाकड्या झाल्या की वलयाची कडाच पुसट होते. शंभर वर्षांपूर्वी काउंटर नव्हते तेव्हा लाल पेशींचा व्यास मोजायला हे तंत्र खरोखर वापरायचे.

सातव्या दिवसाचा सेगमेंट जवळपास पहिल्यासारखाच. पण जे आपल्याला दिसत नाही ते आत सुरू झालेलं असतं. २,३-डीपीजी नावाचा रेणू हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतो, तो थंडीत झपाट्याने घटतो आणि दोन आठवड्यांत जवळपास संपतो. म्हणजे पिशवीतली पेशी ऑक्सिजन घट्ट धरून बसते. हे ऐकून घाबरायचं कारण नाही, चढवल्यावर शरीरात एक ते तीन दिवसांत डीपीजी परत तयार होतो. हा बिघाड परत फिरणारा आहे. मॅडमनी वहीत याच्याखाली रेघ मारली आणि लिहिलं, "कोणता फिरतो, कोणता फिरत नाही, असे दोन कॉलम कर." केले.

२२ जानेवारी

काटे दिसायला लागले. एकायनोसाइट, म्हणजे कडेला बारीक टोकं आलेली पेशी. सगळ्या नाही, काही.

पण काटे बघण्यात एक खोच आहे आणि ज्यांना घरच्या घरी असलं काही करायचंय त्यांनी हे वाचाच. काच स्वतःच काटे आणते. धुतलेल्या पेशी साध्या सलाइनमध्ये दोन काचांच्या मधे ठेवल्या की काचेजवळ पाणी अल्कधर्मी होतं आणि धडधाकट पेशीसुद्धा दोन-तीन मिनिटांत कदंबाच्या फुलासारखी काटेरी दिसायला लागते. म्हणून थोडं अल्ब्युमिन घालायचं आणि प्लॅस्टिकची कव्हरस्लिप वापरायची. मॅडमनी मुद्दाम दोन्ही शेजारी शेजारी लावून दाखवलं, एकच रक्त, त्याच दात्याचं, एकीकडे गुळगुळीत चकत्या आणि एकीकडे काटेच काटे. इंटरनेटवर "साठवलेल्या रक्ताचे फोटो" म्हणून जे फिरतं त्यातलं किती रक्ताचं आणि किती काचेचं देव जाणे.

खरे काटे येतात ते ऊर्जा कमी पडल्यामुळे. चार डिग्रीला ग्लुकोज जळणं मंदावतं, लॅक्टिक आम्ल साठतं, पीएच उतरतो, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, हळूहळू घटतं. मेम्ब्रेनच्या खाली प्रथिनांचं जे जाळं असतं, स्पेक्ट्रिनचं, त्याची पकड बिघडते. आणि सोडियम-पोटॅशियमचा पंप थंडीत जवळपास ठप्प, त्यामुळे आतलं पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, ४२ व्या दिवशी बाहेरच्या द्रवात ते ५० मिलिमोलपर्यंत पोचू शकतं. मोठ्या माणसाला एक-दोन पिशव्यांत काही होत नाही, एकूण मात्रा थोडीच असते. नवजात बाळाला एक्सचेंज, म्हणजे जवळपास सगळं रक्त बदलणं, करायचं असेल तेव्हा मात्र ताजी पिशवीच मागतात आणि ती मागणी रास्त आहे.

एक गंमत वाचली. पेशींना ग्लुकोज दिलं तर त्या जास्त टिकतात हे १९१६ साली राउस आणि टर्नरनी दाखवलं. हा तोच पेटन राउस, ज्याला कोंबड्यांच्या कॅन्सरच्या विषाणूसाठी पुढे १९६६ ला नोबेल मिळालं. युद्धकाळात १९४३ ला लाउटिट आणि मॉलिसनचं एसीडी हे साठवणीचं द्रावण आलं, आणि आपण वापरतो त्या सॅगएमचं मूळ म्हणजे हॉगमनच्या गटाचं सॅग, १९७८ चं, त्यात मॅनिटॉल नंतर आलं.

२९ जानेवारी

आज सिकल. सिकल ओपीडीतून नाव-गाव काढलेले उरलेले नमुने मिळाले, एक एसएस, एक एएस. इकडे विदर्भात ही अक्षरं सगळ्यांना पाठ, लग्नाच्या बोलणीतसुद्धा विचारतात, एएस आहे का म्हणून, बाकी महाराष्ट्राला हे सांगावं लागतं: एसएस म्हणजे ग्रस्त, एएस म्हणजे वाहक. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिड या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन, बास, एवढाच फरक.

दोन टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट, आजच्या आज केलेलं, शिळं चालत नाही. थेंबभर रक्त, थेंबभर ते, कव्हरस्लिप, आणि कडा व्हॅसलिनने बंद. हवा आत जाऊ द्यायची नाही कारण मेटाबायसल्फाइटचं कामच ऑक्सिजन खाणं. मग डोळा लावून बसायचं.

एसएसचा नमुना लगेच बदलायला लागला. आधी चकतीची एक कड चपटी होते, मग मधला फिकट भाग सरकतो, मग एका टोकाला बारीक शेपूट निघतं, आणि बघता बघता दोन्ही टोकं ताणून कोयत्याचं पातं. काही पेशी मात्र अशा होत नाहीत, त्या चुरगळलेल्या दिसतात, होली नावाच्या विलायती झुडपाच्या काटेरी पानासारख्या असं पुस्तक म्हणतं. एएसला वेळ लागला, मी मधे चहा पिऊन आले तेव्हा कुठे दिसायला लागलं. म्हणून या टेस्टवरून एएस आणि एसएस वेगळे करायला जाऊ नये, दोन्ही पॉझिटिव्हच. त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी.

मग व्हॅसलिन पुसून एका कडेने हवा आत जाऊ दिली आणि सलाइनचा थेंब सोडला. कडेच्या पेशी परत चकत्या व्हायला लागल्या! सगळ्या नाही. काही त्या आधीच, मेटाबायसल्फाइट घालायच्या आधीच्या स्मिअरमध्येही, लांबुळक्या होत्या आणि हवेनंतरही तशाच. इर्रिव्हर्सिबली सिकल्ड सेल. ऑक्सिजन गेला की सिकलचं हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून आत दोऱ्या होतात, त्यांनीच पेशी वाकते; इथे त्या दोऱ्या उरलेल्या नसतानाही आकार तोच, कारण पुन्हापुन्हा वाकून मेम्ब्रेन त्या आकारात पक्कं झालंय.

दोन कॉलम इथेही लागू.

३ फेब्रुवारी

वाचनाचा दिवस, पण वाचलेलं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सिकलची पेशी ऑक्सिजन सोडल्या सोडल्या वाकडी होत नाही. दोऱ्या बनायला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ हिमोग्लोबिन एस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, किती दाटीने भरलंय यावर प्रचंड अवलंबून, १९७४ ला हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी मोजलं तर तो दाटपणाच्या जवळपास तिसाव्या घाताने बदलतो असं निघालं. तिसावा घात! म्हणजे पेशीतून थोडंसं पाणी गेलं तरी वेळ कितीतरी पटीने घटतो. केशवाहिनीतून जायला पेशीला सेकंद-दोन सेकंद लागतात, तेवढ्यात दोऱ्या झाल्या नाहीत तर ती सुटली, पुढे फुफ्फुसात जाऊन परत ठीक. ओपीडीत "पाणी भरपूर प्या, उन्हात जाऊ नका" सांगतात ते काही उगाच नाही, नागपूरचा मे महिना सिकलवाल्याने कसा काढायचा हा या घाताचाच प्रश्न आहे. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलवरच्या औषधाचंही तेच, फीटल हिमोग्लोबिन, म्हणजे पोटातल्या बाळाचं असतं ते, वाढलं की एसची दाटी कमी होते. आपल्याकडच्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये, म्हणजे सिकल जनुकाच्या इकडच्या प्रकारात, फीटल मुळातच जास्त असतं, म्हणून इकडचा सिकल सौम्य असं लिहिलेलं सापडतं. ते सरसकट खरं नाही. वॉर्डात एक फेरी मारली तरी कळतं.

आता माझ्या विषयाचा खरा सांधा. दात्याचं रक्त साठवण्याआधी पांढऱ्या पेशी काढायला ल्युकोफिल्टरमधून सोडतात. काही पिशव्या फिल्टरमध्ये अडकतात, थेंब थेंब होऊन थांबतात, आणि शोध घेतला की दाता बऱ्याचदा एएस निघतो. माणूस ठणठणीत, त्याला स्वतःला माहीतही नाही, दात्यांच्या सक्तीच्या तपासण्यांत सिकल नाहीच. अंगात ज्याला काहीही होत नाही त्याच्या पेशी पिशवीत का अडकतात? कारण रक्त शिरेतून घेतलेलं, म्हणजे ऑक्सिजन आधीच कमी, त्यात सायट्रेटचं आम्ल, त्यात दाट द्रव पेशीतलं पाणी बाहेर ओढणारा. सिकलला जे जे हवं ते सगळं पिशवीने आयतं दिलं. अशा रक्ताला ऑक्सिजन मिळू दिला की ते फिल्टरमधून जातं हेही दाखवलेलं आहे.

दादांना विचारलं, तुमच्याकडे असं होतं का? म्हणाले, "होते न. आमी समजत होतो फिल्टरच खराब आला."

१२ फेब्रुवारी

३५ वा दिवस. नोंद मोठी होणार.

आधी ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी. मिठाच्या पाण्याच्या नळ्या, ०.९ टक्क्यापासून खाली उतरत. पाणी जितकं पातळ तितकं पेशीत शिरतं, पेशी फुगते, जास्तीचं मेम्ब्रेन संपलं की फुटते. ताज्या पेशी ०.५० ते ०.४५ च्या आसपास फुटायला लागतात आणि ०.३० ला सगळ्या फुटतात. आजच्या सेगमेंटची ०.५५ ची नळीच गुलाबी. आलेख उजवीकडे सरकला, म्हणजे फुगायला जागा कमी उरलीय.

ती जागा कुठे गेली हे स्मिअरमध्ये दिसतं. काटे आता टोकदार नाहीत, बोथट, आणि पेशी मधे फुगीर, मधला फिकटपणा गेलेला. स्फेरोएकायनोसाइट. काट्यांची टोकं तुटून बारीक पुटकुळ्या म्हणून बाहेर पडतात, मायक्रोव्हेसिकल, त्या आपल्या मायक्रोस्कोपला दिसत नाहीत पण प्रत्येक पुटकुळीबरोबर थोडं मेम्ब्रेन गेलं, आणि लाल पेशीला केंद्रक नाही, कारखाना नाही, ती नवं मेम्ब्रेन बनवू शकत नाही.

मग ज्यासाठी इतके दिवस थांबलो ते. सेगमेंटमधल्या पेशी एबी रक्तगटाच्या ताज्या प्लाझ्मात घालून ३७ डिग्रीला ठेवल्या. बाजूला त्याच पेशी सॅगएममध्येच, चार डिग्रीला. थोड्या वेळाने बघितलं तर प्लाझ्मातल्या बऱ्याच पेशींचे काटे गेलेले. पूर्ण चकती परत आलेल्याही दिसल्या, मधे फिकट, कड गुळगुळीत. ज्या बोथट काट्यांच्या गोल झाल्या होत्या त्यांचे काटे कमी झाले पण त्या गोलच राहिल्या. तासाभराने पुन्हा बघितलं तरी गोलच. लेझरखाली ठेवलं तर कडी आधीच्यापेक्षा जरा स्पष्ट, पण पहिल्या दिवसाची नाही.

काटे उलटतात, कारण ती आकाराची गोष्ट आहे, भोवतालचं द्रावण, पीएच, एटीपी सुधारलं की मेम्ब्रेनचा तोल परत येतो. गेलेलं मेम्ब्रेन येत नाही. सिकलमध्ये हवा दिल्यावर दोऱ्या विरघळल्या आणि पेशी परत चकती झाली, पण मेम्ब्रेन मुरडून पक्कं झालेली तशीच राहिली. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस या आनुवंशिक आजारात जाळ्याचीच प्रथिनं जन्मापासून कच्ची, मेम्ब्रेन गळत राहतं, पेशी गोल होते आणि प्लीहा तिला पकडते. तीन वेगळी प्रकरणं, पण "फिरत नाही" या कॉलममध्ये तिन्ही ठिकाणी मी एकच शब्द लिहिलाय: मेम्ब्रेन.

मॅडम म्हणाल्या, निष्कर्ष म्हणून लिहू नकोस, एका पिशवीवर काही सिद्ध होत नाही. बरोबर. म्हणून इथे लिहितेय, थिसिसमध्ये नाही.

१९ फेब्रुवारी

४२ वा दिवस, पिशवीचा शेवटचा. आज परवानगीने पिशवीतूनच नमुना घेतला.

हिमोलिसिसचा हिशोब बऱ्याच जणांचा चुकतो म्हणून सांगते. वरच्या द्रवातलं हिमोग्लोबिन भागिले एकूण हिमोग्लोबिन असा थेट भाग द्यायचा नाही, मधे १०० वजा हिमॅटोक्रिट, म्हणजे पेशींनी व्यापलेला टक्का, येतं. एकूण १९ ग्रॅम, हिमॅटोक्रिट ५८, वरचं हिमोग्लोबिन ०.२ ग्रॅम असेल तर ०.२ गुणिले ४२ भागिले १९, म्हणजे ०.४४ टक्के. मर्यादा अमेरिकेत १ टक्का, युरोपात ०.८. आमची पिशवी पास. त्याच दिवसाच्या सेगमेंटचा आकडा जास्त आला, अपेक्षित होतं.

पिशवीच्या प्लॅस्टिकचंही एक प्रकरण आहे. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून डीईएचपी नावाचं रसायन घालतात, ते झिरपून लाल पेशींच्या मेम्ब्रेनमध्ये जाऊन बसतं, आणि त्यामुळे हिमोलिसिस कमी होतं! कुणी ठरवून केलेलं नाही. माणसाच्या हार्मोन्सना ते घातक म्हणून युरोपात मेडिकल वस्तूंमधून काढायची मुदत आता १ जुलै २०३० आहे, आणि नव्या प्लॅस्टिकमध्ये पेशी तितक्या टिकवायच्या कशा ही त्यांची डोकेदुखी.

२५ फेब्रुवारी

मग नातेवाईकांना सांगायचं काय? मोठ्या चाचण्या झालेल्या आहेत. एबल नावाची चाचणी, २०१५, आयसीयूतले पेशंट, एका गटाला सरासरी ६ दिवसांचं रक्त, दुसऱ्याला २२ दिवसांचं. ९० दिवसांतले मृत्यू ३७.० टक्के आणि ३५.३ टक्के, म्हणजे ताज्या रक्ताचा फायदा शून्य. रिसेस हार्ट सर्जरीवाल्यांवर, इन्फॉर्म आणि ट्रान्सफ्यूज त्यानंतरच्या, सगळ्यांचं उत्तर तेच. माझ्या मते आपल्याला सगळ्यात जवळची टोटल नावाची चाचणी, युगांडातली, कंपालाच्या मुलागो हॉस्पिटलमधली, तीव्र अॅनिमियाची लहान मुलं, त्यांत मलेरियाची आणि सिकलची होती, १ ते १० दिवसांचं विरुद्ध २५ ते ३५ दिवसांचं रक्त. लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण, उतरण्यात फरक नाही.

मग माझे काटे आणि गोल पेशी खोट्या का? नाही. चढवल्यानंतर २४ तासांनी निदान ७५ टक्के पेशी अंगात टिकलेल्या असाव्यात हा निकष आहे, म्हणजे पाव हिस्सा गेला तरी नियमात बसतं. गोल झालेल्या प्लीहा काढून टाकते, बाकीच्या सुधारून कामाला लागतात. पेशंट जगला का, एवढाच प्रश्न विचारला की हा फरक बुडून जातो. पण सिकलचा पेशंट एकदाच रक्त घेत नाही, आयुष्यभर घेतो, आणि प्रत्येक मेलेल्या पेशीचं लोह त्याच्या यकृतात जाऊन बसतं. तिथे पाव हिस्सा जाणं म्हणजे पेशी गेल्या, लोह तेवढं राहिलं. काउंटरवर मी आता असं सांगते: मोठ्या माणसाला एकदाच रक्त लागतंय तर तारखेवरून पिशवी परत करू नका, फ्रीज नीट होता का ते विचारा.

४ मार्च

फ्रीजचंच. दादांच्या परवानगीने टाकाऊ सेगमेंट तीन जागी ठेवले, रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये, टेबलावर, आणि बर्फाच्या कप्प्यात. बर्फातला वितळला तेव्हा सगळा एकसंध लाल, गाळ बसलाच नाही, पेशीच उरल्या नव्हत्या. लाल पेशी गोठवायच्या तर ग्लिसरॉल घालून उणे ६५ च्या खाली, तशा १० वर्षं टिकतात, पण साध्या फ्रीजरमध्ये पाच मिनिटंही नको. गावाकडे पिशवी नेताना आइसपॅकला थेट चिकटवून नेणारे मी पाहिलेत, मधे निदान पुठ्ठा तरी घाला.

टेबलावरचा दिसायला तसाच, आणि भीती त्याचीच जास्त, कारण बाहेर राहिलेल्या पिशवीचा धोका पेशींपेक्षा जंतूंचा. म्हणून अर्धा तास बाहेर राहिलेली पिशवी परत साठ्यात घ्यायची नाही.

तपासणीच्या नमुन्यांनाही हाच कायदा. डोंगरातल्या पाड्यावरून दुपारी निघालेला नमुना संध्याकाळी लॅबला पोचतो, तोवर न विभक्त केलेल्या रक्तातलं ग्लुकोज तासाला पाच-सात टक्क्यांनी खाल्लं गेलेलं असतं, फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर पोटॅशियम खोटं वाढलेलं. ईएसआर, म्हणजे लाल पेशी तळाला बसायचा वेग, चार तासांत लावला नाही तर कमी येतो. सिकलमध्ये तो तसाही कमीच, वाकड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्याच जात नाहीत, सूज कितीही असली तरी.

बाकीचे आजार थोडक्यात, कारण आमचा वेळ संपत आलाय. थॅलेसेमिया वाहकाच्या पेशी पोकळ, मेम्ब्रेन जास्त, आत माल कमी, त्यामुळे त्या फुटत नाहीत. नेस्ट्रॉफ्ट ही थॅलेसेमिया वाहक शोधायची साधी टेस्ट याच्यावरच चालते, ०.३६ टक्क्यांचं बफर सलाइन, थेंबभर रक्त, अर्धा तास, मागे कागदावर काळी रेघ, रेघ दिसली तर ठीक, पुसट तर पुढची तपासणी. एसएसच्या पेशीही ऑस्मॉटिक टेस्टमध्ये चिवट निघाल्या, पाणी आधीच गळालेलं ना, मेम्ब्रेनमधल्या गार्डोस चॅनेल नावाच्या वाटेने पोटॅशियम आणि मागोमाग पाणी. म्हणजे साठवलेली पेशी या आलेखात उजवीकडे आणि सिकलची डावीकडे, आणि अडकतात दोन्ही! नुसत्या या टेस्टवर पेशी "मजबूत" ठरवणं किती फसवं आहे ते इथे कळतं. जी६पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या दात्यांच्या पेशी साठवल्यानंतर अंगात कमी टिकतात असंही आता दिसलंय, आणि आपल्याकडे दात्याची ती तपासणीही होत नाही.

११ मार्च

आज एक नमुना असा आला की प्रोजेक्टचं शीर्षक एकाच स्लाइडवर. एसएस पेशंट, काही आठवड्यांपूर्वी रक्त चढलेलं.

मेटाबायसल्फाइट घातलं, कडा बंद केल्या, आणि एकाच फील्डमध्ये कोयत्याची पाती आणि त्यांच्यामधे अगदी शांत गोल चकत्या. दात्याच्या पेशी. त्या कधीतरी पिशवीत काटेरी झाल्या असतील, आता काट्याचं नावही नाही, त्याच प्लाझ्मात पोहतायत. ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीचा आलेखही एका उतारात उतरला नाही, मधे पायरी आली, आधी एक गट फुटला आणि नंतर दुसरा चिवट गट. लेझरची कडी पुसट, दोन मापं मिसळल्यावर दुसरं काय होणार.

मग एचपीएलसीचा कागद आला. एस आणि ए दोन्ही, आणि ए एवढं की सोबतचा फॉर्म न वाचता कुणीही "वाहक, एएस" असा रिपोर्ट लिहून मोकळा झाला असता. फॉर्मवर रक्त चढल्याचा रकानाच नव्हता, आम्हाला कळलं ते ओपीडीच्या सिस्टरांनी सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून. आणि एकदा वाहक म्हणून कार्ड बनलं की त्या मुलाला हायड्रॉक्सीयुरिया कोण देणार.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर आजपासून हाताने शिक्का मारायला घेतलाय: "शेवटचं रक्त कधी चढलं?" तीन महिन्यांच्या आत असेल तर रिपोर्टवर एएस की एसएस हा पॅटर्न लिहायचा नाही, आई-वडिलांचे नमुने मागवायचे, आणि चार महिन्यांनी मधे रक्त लागलं नसेल तर पुन्हा तपासायचं. मॅडमनी सही केली. शिक्क्याची शाई तेवढी निळी मिळालीय, लाल मागवलीय.